पुस्तिकेतला हिवाळा, हैदराबादचा उन्हाळा : गवत कापण्याच्या यंत्राची देखभाल आणि सुरक्षित साठवण

पेट्रोलवर चालणाऱ्या लॉन मोवरसोबत एक माहितीपुस्तिका मिळते. तिच्या शेवटच्या पानांवर ‘हिवाळ्यातील साठवण’ अशा अर्थाचे एक प्रकरण हमखास असते. बर्फ पडणाऱ्या देशांत नोव्हेंबरपासून चार-पाच महिने गवत वाढत नाही आणि यंत्र कोपऱ्यात पडून राहते. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो गारठा असतो. हैदराबादेत मात्र हा हिशेब उलटा आहे. तेथील हिरवळ जूनच्या पावसाने तरारते, ऑक्टोबरपर्यंत जवळपास दर आठवड्याला कापावी लागते, थंडीत मंदावते आणि मार्चनंतर पाण्याअभावी पिवळी पडते. यंत्र विश्रांती घेते ते मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत, म्हणजे पारा चाळिशी ओलांडतो नेमक्या त्या काळात. पेट्रोलची टाकी असलेली वस्तू वर्षातील सर्वांत तप्त दिवसांत बंद जागेत पडून राहते आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही. यंत्राच्या साठवणीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

हैदराबाद आणि हिरवळ यांचे नाते जुने आहे. नामपल्लीचा बाग-ए-आम, म्हणजे आजचे पब्लिक गार्डन, निजामशाहीची आठवण सांगतो. १८०६ साली वसलेल्या सिकंदराबाद छावणीतील बंगल्यांनी इंग्रजी पद्धतीच्या हिरवळीची सवय शहराला लावली. बोलारम येथील राष्ट्रपती निलयम ही १८६० मधील वास्तू सुमारे ९० एकरांच्या परिसरात उभी असून २०२३ पासून ती वर्षभर लोकांसाठी खुली आहे. तेथील हिरवळ पाहून आलेल्या पाहुण्याला आपल्याही अंगणात असे काही असावे असे वाटल्यास नवल नाही. गेल्या दोन दशकांत गच्चीबावली, कोकापेट, तेल्लापूर या पट्ट्यात बंगल्यांच्या बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या आणि हिरवळीचा छोटा तुकडा हा घराच्या किमतीचा भाग बनला. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय आणि मराठी कुटुंबांच्या दारातही तो आहे. पूर्वी विळ्याने किंवा ढकलत्या हातयंत्राने होणारे काम आता पेट्रोल इंजिन करते.

हे यंत्र मुळात कापड गिरणीतून आलेले आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिराने १८३० मध्ये पहिल्या लॉन मोवरचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव एकसारखी कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. बडिंगचे यंत्र पात्यांच्या रुळाचे होते. आज घरोघरी दिसते ते फिरत्या पात्याचे. चार चाकांवरील पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपाखाली एक आडवे पाते असते, ते थेट इंजिनच्या उभ्या दांड्याला बोल्टने जोडलेले असते आणि मागून माणूस यंत्र ढकलत चालतो. मध्ये गिअर नाही, क्लचही बहुधा नाही. इंजिन फिरले की पाते फिरते, आणि पाते हाताने फिरवले तर इंजिनही फिरते. या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडल्यामुळेच बोटे जातात.

इंजिन बंद म्हणजे यंत्र बंद नव्हे

अशा इंजिनला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. जड चाकात बसवलेले चुंबक गुंडाळीजवळून गेले की वीज निर्माण होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पात्यात अडकलेला गवताचा लगदा काढण्यासाठी कोणी पाते हाताने वळवले आणि सिलिंडरमध्ये थोडी पेट्रोलची वाफ उरलेली असली, तर इंजिन एक झटका घेऊ शकते. बोटे जाण्यास एक झटका पुरतो. म्हणून टोपाखाली हात घालण्यापूर्वी प्लगची रबरी टोपी उपसून प्लगपासून दूर, पुन्हा आपोआप चिकटणार नाही अशी वळवून ठेवावी. यासाठी अवजार लागत नाही आणि वेळही क्षणाचाच लागतो. या यंत्राच्या देखभालीतील सर्व सूचनांपैकी एकच पाळायची झाली तर हीच पाळावी.

पात्याची ताकद किती, हे साध्या गणिताने कळते. ५३ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होतो. हैदराबादच्या जमिनीत ग्रॅनाइटच्या कपच्या मुबलक आहेत. नव्या वसाहतींतील हिरवळ तर अनेकदा बांधकामाच्या भरावावरच अंथरलेली असते. त्या वेगाच्या पात्याला लागलेली कपची खिडकीची काच फोडू शकते आणि डोळाही. त्यामुळे गवत कापताना मुलांना अंगणात येऊ न देणे हा काळजीखोर आजीचा अतिरेक नाही. अमेरिकेने १९८२ पासून अशा यंत्रांसाठी नियम केला की दांड्यावरची आडवी पट्टी हातातून सुटताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. आज मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या यंत्रांत ही पट्टी असते. दुर्दैवाने ती सुतळीने दांड्याला बांधून ठेवण्याची युक्तीही सर्रास दिसते, कारण कचरा बाजूला करायला थांबले की दोरी पुन्हा ओढावी लागते. बांधलेली पट्टी दिसली की आधी सुतळी कापावी, गवत मागाहून कापता येते.

येथे आणखी एक अडचण आहे. यंत्र विकत घेणारा आणि ते चालवणारा बहुधा एकच माणूस नसतो. पुस्तिका इंग्रजीत असते आणि मालकाच्या कपाटात राहते. माळी तेलुगू किंवा दखनी बोलणारा असतो आणि अनेकदा रबरी चपलेवरच यंत्र ढकलतो. त्याला बंद बूट, जाड पँट आणि डोळ्यांवरचा चष्मा देणे, आणि प्लगची टोपी काढायची ती का, हे एकदा करून दाखवणे, ही जबाबदारी यंत्राच्या मालकाचीच राहते.

पेट्रोल, इथेनॉल आणि उष्मा

पेट्रोल उणे ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे हैदराबादेत काय किंवा पणजीत काय, उघडे पेट्रोल वर्षातील प्रत्येक दिवशी पेटण्यायोग्य वाफ सोडतच असते. उन्हाळ्यात ती अधिक वेगाने निघते एवढेच. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून जात नाही, पाण्यासारखी सखल जागेकडे सरकते आणि जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की ठिणगीने भडका उडू शकतो. कपभर पेट्रोल सांडून त्याची पूर्ण वाफ झाली, तर दोन घनमीटरांहून अधिक हवा ज्वालाग्राही होऊ शकते. एखाद्या छोट्या कोठीघराच्या फरशीवर गुडघाभर उंचीची अदृश्य चादर पसरावी, तसे हे असते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरू येथून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या टप्प्याटप्प्याने विक्रीला प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये देशभराचे सरासरी २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. नव्या यंत्रांच्या बाबतीत ही मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून ते पान वाचूनच घ्यावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी पुरेसे साचले की इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीला आधी तेच मिळते. वाटीतील ॲल्युमिनियम पांढरट पडते, बारीक छिद्रे बुजतात, जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या मऊ पडतात किंवा तडकतात. तडकलेल्या नळीतून थेंब गळू लागला की देखभालीचा प्रश्न आगीचा प्रश्न होतो.

सुमारे ३० दिवसांहून अधिक काळ पडून राहिलेले पेट्रोल लहान इंजिनसाठी शिळे समजावे, असे उत्पादकच सांगतात. चारचाकीला ते फारसे जाणवत नाही, पण या इंजिनाचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि दोष कंपनीला दिला जातो, तेव्हा प्रत्यक्षात आडवे आलेले असते ते फेब्रुवारीत टाकीत राहिलेले पेट्रोल.

घरात पेट्रोल किती आणि कशात ठेवावे, याबद्दल कायदा स्पष्ट आहे, तरी तो फार थोड्यांना ठाऊक असतो. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच असले पाहिजे. काच किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नको. या यादीत प्लॅस्टिकचे नाव नाही. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याला कायद्याचा आधार नाही आणि शहाणपणाचा तर मुळीच नाही. त्या बाटल्यांचा पातळ प्लॅस्टिक यासाठी बनलेला नसतो, झाकणातून वाफ निसटते, आणि तहानलेल्या मुलाला बाटली ही बाटलीच वाटते. चुकून पेट्रोल पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याचा धोका अधिक असतो. थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडे किनारी भागांत रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल विकण्याची खोड जुनी आहे, म्हणून हे गोव्यातही मुद्दाम सांगण्याजोगे आहे. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे, पण घरच्या कोठीत डोकावायला नागपूरहून कोणी येणार नाही.

लॉन मोवरसाठी ३० लिटर कधीच लागत नाहीत. महिनाभर पुरेल एवढे, म्हणजे दोन-तीन लिटर, पाच लिटरच्या धातूच्या डब्यात ठेवावे. डबा गळ्यापर्यंत भरू नये. पाच लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे १०० मिलिलिटरने फुगते, त्याला जागा हवी. पंपावर डबा भरताना तो स्कूटरवर किंवा डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे घर्षणाने साचलेली वीज जमिनीत जाते. आणि काम अर्धे झाल्यावर टाकी संपली तर इंजिन बंद करून निदान पंधरा-वीस मिनिटे थांबावे. चहाला तेवढा वेळ लागतोच. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडणे हा या यंत्राच्या आगींचा सर्वांत सरळ मार्ग आहे. आग लागलीच तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आगीसकट पसरते. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

तळघराचा मोह

हैदराबादेत तळघराला सर्रास ‘सेलर’ म्हणतात. बहुमजली इमारतींत वाहने तेथेच किंवा खांबांवर उचललेल्या मोकळ्या तळमजल्यावर उभी राहतात. विजेचे मीटर अनेकदा तेथेच, पाण्याचा पंप तेथेच, आणि जुनी गादी, रंगाचे डबे, सायकली यांबरोबर सोसायटीचे गवतकापणी यंत्रही तेथेच. जागा सावलीची, थंड आणि कुलुपाची असल्याने निवड वरवर शहाणपणाची वाटते. परंतु जड वाफेच्या दृष्टीने तळघर म्हणजे वाटी आहे. तेथे उतरलेली वाफ बाहेर पडायला वाट नसते आणि पंपाची कळ किंवा मीटरजवळची ठिणगी फार दूर नसते. वरच्या मजल्यांना जोडणारा जिना नेमका तेथूनच सुरू होतो.

शहराने खालच्या मजल्यांवरील साठ्याची किंमत मोजलेली आहे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादेत एका इमारतीच्या खालच्या भागातील विजेवरच्या दुचाकींच्या दालनात आग लागली आणि धूर वरच्या हॉटेलात शिरून आठ जणांचा बळी गेला. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी नामपल्लीच्या बाजारघाट भागात निवासी इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला आणि नऊ जण दगावले. या दोन्ही घटनांचा लॉन मोवरशी काहीही संबंध नाही. खाली साठवलेले आणि वर राहणारे यांच्यामध्ये एक जिना असतो, हे मात्र दोन्हींनी दाखवले. दोन लिटरांची टाकी म्हणजे पिंप नव्हे, तरी सोसायटीच्या बैठकीत यंत्र कोठे ठेवायचे हा विषय निघाला, तर या दोन तारखा सांगण्याजोग्या आहेत.

तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन ‘जरा चालू करून’ पाहणेही तितकेच वाईट. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखू लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. यंत्र सुरू करायचे ते मोकळ्या आकाशाखाली.

ठेवायची जागा निवडताना आधी काय जवळ नको ते पाहावे. स्वयंपाकघर, गॅसचा गीझर, देवघरातील समई, इन्व्हर्टर, मीटरची पेटी, कपड्यांच्या इस्त्रीचे टेबल, यांपैकी काहीही त्याच खोलीत नसावे. घरापासून सुटी, सावलीची, पत्र्याऐवजी कौलांची किंवा सिमेंटच्या छपराची छोटी खोली उत्तम. पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते. खोलीला जाळी असतेच, पण ती बहुधा वर असते. गरम हवेसाठी ती ठीक आहे, पेट्रोलच्या वाफेसाठी मात्र भिंतीच्या तळाशी, फरशीलगत झरोके हवेत. गवंड्याला हे सांगितले की तो उंदीर येतील म्हणतो, आणि ते खरेही आहे. त्यावर बारीक लोखंडी जाळी हा उपाय आहे. वेगळी खोली नसेल तर घराच्या मागच्या बोळात, सावलीत, साखळीने बांधून आणि सुती कापडाने झाकून ठेवणे तळघरापेक्षा बरे. प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. त्याच्या आत रात्रीचा ओलावा साचतो आणि गंज चढतो. कोणतेही आवरण घालायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

फेब्रुवारीतील एक सकाळ

हैदराबादच्या ऋतूला अनुसरून यंत्र मिटवून ठेवायचे काम फेब्रुवारीच्या अखेरीस, सकाळच्या गारव्यात, अंगणात करावे. शेवटच्या कापणीला टाकीत बेताचेच पेट्रोल घालावे. उरलेच तर ताजे, तेल न मिसळलेले पेट्रोल गाळून दुचाकीच्या टाकीत ओतता येते. गटारात ते कधीही सोडू नये, कारण वाफ गटारातूनही प्रवास करते. त्यानंतर इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कार्ब्युरेटरच्या वाटीला तळाशी स्क्रू असल्यास, इंजिन निवल्यावर तो सैल करून राहिलेले दोन-चार थेंब एका डबीत काढून घ्यावेत. पेट्रोल टिकवणारे द्रावण बाजारात मिळते आणि थंड देशांत ते घालून टाकी भरून ठेवण्याचा सल्लाही दिला जातो. हैदराबादच्या उन्हाळ्यात भरलेल्या टाकीपेक्षा कोरडी टाकी अधिक निर्धोक, एवढे पथ्य पुरे आहे.

इंजिन कोमट असतानाच ऑइल बदलावे, म्हणजे तळाचा गाळ त्याबरोबर निघतो. टाकी रिकामी असल्याने यंत्र कलते करणेही सोपे होते. कोणत्या बाजूला कलते करायचे ते पुस्तिकेत पाहावे. ऑइल काढायची बाजू आणि टोप साफ करायची बाजू एकच असेल असे नाही. साफ करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या अंगाला राहतील असे कलवावे, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट निघतो. लहान इंजिनात सुमारे अर्धा लिटर ऑइल मावते. पन्नास तासांच्या कामानंतर किंवा वर्षातून एकदा ते बदलणे हा सर्वसाधारण दंडक आहे. नव्या यंत्राचा पहिला बदल बराच लवकर करावा लागतो आणि कंपनीनुसार त्याचे तास वेगळे असतात. काढलेले काळे ऑइल झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची पद्धत आहे, वाळवी मरते म्हणून. ते जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जाते. जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला ते द्यावे.

टोपाच्या आतील बाजूस गवताचा हिरवा थर वाळून टणक झालेला असतो. तो ओला असताना आम्लधर्मी होतो आणि पत्रा खातो, शिवाय पात्याखालची हवा अडवतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने तो काढावा. पाण्याचा जोरदार फवारा इंजिनवर मारू नये. दोनशे रुपये वाचवण्यासाठी गाडी धुणाऱ्याकडून यंत्र धुऊन घेतले जाते आणि मग बेअरिंगमध्ये पाणी शिरल्याचे बिल येते.

पाते काढताना जाड हातमोजे घालावेत, टोप आणि पाते यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा, आणि बोल्ट सोडण्यापूर्वी पात्याच्या खालच्या बाजूला खडूने खूण करावी. उलटे बसवलेले पाते गवत कापत नाही, फाडते, आणि ते का होते हे शोधण्यात दिवस जातो. धार लावताना मूळचा कोन राखावा आणि पोलाद निळे पडेपर्यंत घासू नये, कारण निळे पडलेले पोलाद मऊ झालेले असते. दोन्ही टोकांवरून सारखेच घासले गेले का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. भिंतीतल्या खिळ्यावर पात्याचे मधले भोक अडकवावे. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिच्यावर आणखी थोडी घास हवी. असमतोल पाते दांडा हादरवते, बोल्ट सैल करते आणि चालवणाऱ्याच्या हातांना मुंग्या आणते. वाकलेले किंवा चीर गेलेले पाते ठोकून सरळ करणारे कारागीर मिळतात, त्यांच्याकडे जाऊ नये. ताशी ३०० किलोमीटरने फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत काटकसर शोभत नाही. पाते दगडाला जोरात लागल्यानंतर इंजिन सुरू होईना किंवा दोरी हाताला उलटा झटका देऊ लागली, तर जड चाकाची मऊ धातूची चावी कापली गेली असण्याची शक्यता असते. इंजिन वाचावे म्हणून ती मुद्दाम मऊ केलेली असते आणि बदलणे सोपे असते.

हैदराबादची धूळ एअर फिल्टरची परीक्षा पाहते. कागदाचा फिल्टर हलके आपटून झटकावा, काळा पडला असेल तर बदलावा. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. शेवटी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, चेहरा बाजूला ठेवून दोरी हळूहळू चार-पाच वेळा ओढावी आणि प्लग परत बसवावा. मग दोरी अडखळेल तेथपर्यंत ओढून सोडून द्यावी. त्या जागी झडपा मिटलेल्या असतात आणि दमट हवा आत जात नाही. प्लगची टोपी मात्र जोडू नये. ती जूनपर्यंत सुटीच राहू द्यावी. कोणा मुलाने दोरी ओढली तरी काही होणार नाही.

गोव्यातील वेळापत्रक

गोव्यात चाकांच्या लॉन मोवरपेक्षा खांद्याला अडकवायचा ब्रश कटर अधिक दिसतो. जांभ्याच्या चढउताराच्या जमिनीवर तोच चालतो. चतुर्थीपूर्वी अंगण मोकळे करण्यापासून पावसाळा सरल्यावर बागायतीतील रान उतरवण्यापर्यंत त्याला उसंत नसते. मग तो थेट पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. त्यातील अनेक इंजिने दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी असतात. हे मिश्रण पुस्तिकेतील प्रमाणानेच आणि महिन्याभराला पुरेल एवढेच करावे. ते कोणत्या तारखेला केले हे डब्यावर लिहून ठेवल्यास पुढचे वाद टळतात. ऑइल मिसळलेले उरलेले पेट्रोल मात्र साध्या चार स्ट्रोकच्या गाडीत ओतू नये.

हैदराबादचा शत्रू कोरडा उष्मा, तर गोव्याचा खारी, दमट हवा. कटरच्या पात्यावर आणि उघड्या बोल्टांवर ऑइलचा पातळ हात दिला नाही, तर एका मोसमात तांबेरा चढतो. आणि तळघर नसले तरी मोह आहेच. घराच्या मागच्या खोपीत नारळाची सोडणे, चुडते आणि सरपण रचलेले असते, त्याच्या शेजारीच कटर टेकवलेला असतो आणि वर खुंटीला पेट्रोलची बाटली टांगलेली असते. पाणी तापवण्याची चूल तेथून चार पावलांवर. चूल हलत नसेल तर कटर आणि बाटली हलवावी, आणि बाटलीच्या जागी डबा आणावा.

दीर्घ विश्रांतीनंतर यंत्र पुन्हा काढताना, हैदराबादेत मृगाच्या सरींनंतर आणि गोव्यात त्याच सुमारास, आधी आत कोण राहायला आले आहे ते पाहावे. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर बांधते, उंदीर प्लगची वायर कुरतडतो, पाल एअर फिल्टरमागे अंडी घालते. ऑइलची पातळी, नळ्यांना तडे, पात्याचा बोल्ट, दांड्यावरची पट्टी आणि तिची तार तपासून ताजे पेट्रोल घालावे आणि पाच मिनिटे यंत्राखाली जमिनीवर थेंब पडतो का ते पाहावे. थेंब पडला तर दोरीला हात लावू नये. नसेल, तर हिरवळीवर एक फेरी पायी मारून ग्रॅनाइटच्या कपच्या, खिळे आणि मुलांचे चेंडू उचलावेत, यंत्र सावलीतून उघड्यावर आणावे आणि प्लगची टोपी सर्वांत शेवटी जोडावी.